१.८२ क्युसेक

राष्ट्रीय महामार्ग ८ जिथे संपतो, तिथे सब्रूम नावाचं गाव आहे. त्रिपुराचं दक्षिण टोक. आगरतळ्याहून सकाळी लवकर निघालो तर दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचतो. रस्ता संपतो, मग घाट लागतो, आणि घाटाखाली फेनी नदी. पलीकडच्या काठावर बांगलादेशातलं रामगढ. इकडच्या काठावर उभं राहून खणखणीत शिवी दिली तर तिकडच्याला ऐकू जाईल, एवढंच अंतर.

मी आसाम रायफल्समध्ये प्रतिनियुक्तीवर असताना, २०२१ च्या हिवाळ्यात, तिथे गेलो होतो. ती सीमा बीएसएफची, आमची नाही. मी पाहुणाच होतो. मैत्री सेतू पाहायचा होता. जवळपास दोन किलोमीटर लांबीचा हा पूल त्याच वर्षी मार्चमध्ये उद्घाटन होऊन तयार होता, पण त्यावरून वाहतूक सुरू झालेली नव्हती. बरोबरच्या पोस्ट कमांडरने पूल दाखवला, आकडे सांगितले, चितगाव बंदर इथून किती जवळ आहे ते सांगितलं. मी मान डोलावली. फौजेत पाहुण्याचं काम तेवढंच असतं.

खरी गोष्ट मला दिसली ती बाजारातल्या चहाच्या टपरीवर. टपरीवाल्या दादांनी पेला विसळला त्या बादलीकडे माझं लक्ष गेलं. बादली मुळात पांढरी असावी. आता ती आतून पूर्ण तांबूस झाली होती, जुन्या गंजलेल्या पत्र्यासारखी. मी विचारलं तर दादा हसले. म्हणाले, "साहेब, इथलं बोअरचं पाणी असंच. लोखंड आहे त्यात. नवं धोतर तीन धुण्यांत गेरूचं होतं." चहाचं पाणी त्यांनी वेगळ्या हंड्यात आणून ठेवलं होतं, कापडातून गाळून. मग नदीकडे बोट करून म्हणाले, "एवढी नदी समोर आहे. तिच्यातलं पाणी मिळणार म्हणून दोन वर्षांपूर्वी दिल्लीत सही झाली म्हणे. अजून नळाला काही आलं नाही."

त्या सहीबद्दल आणि तिच्यामागच्या प्रश्नाबद्दल आज लिहायचं आहे. नेहमीप्रमाणे आधीच सांगतो, मत माझं वैयक्तिक आहे, वर्दीचं नाही.

५ ऑक्टोबर २०१९ रोजी भारत आणि बांगलादेश यांच्यात एक सामंजस्य करार झाला. सब्रूमच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारताने फेनी नदीतून १.८२ क्युसेक पाणी उचलावं, असं ठरलं. आता क्युसेक म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे धरणाचे उघडलेले दरवाजे येतात, कारण बातम्यांत आपण "पन्नास हजार क्युसेकचा विसर्ग" असंच ऐकतो. म्हणून गणित करून पाहू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. १.८२ क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेएक्कावन लिटर, दिवसाला सुमारे साडेचव्वेचाळीस लाख लिटर. शहरासाठी माणशी १३५ लिटर हा आपला सरकारी हिशेब धरला तर तेहतीस हजार माणसांचं पाणी.

मी लातूर जिल्ह्यातला. मला हा आकडा वेगळ्या मापाने कळतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती पाच लाख लिटर घेऊन. मी तेव्हा राजस्थानात होतो. आईने फोनवर ती बातमी अशी सांगितली की जणू घरी नातू झाला. तशा पहिल्या गाडीएवढ्या रोज नऊ गाड्या, म्हणजे १.८२ क्युसेक. दुष्काळातल्या माणसाला हे पाणी फार आहे. नदीच्या हिशेबात मात्र ते जवळजवळ काहीच नाही. तुलनेसाठी सांगतो, फराक्क्याचा कालवा ४०,००० क्युसेक वाहून नेण्यासाठी बांधला आहे. त्यात अशी बावीस हजार सब्रूम बसतील.

मग एवढ्याशा पाण्यावरून काय झालं?

ढाक्यात आग पेटली. दिल्लीत झालेल्या करारांवर टीका करणारी पोस्ट अबरार फहाद नावाच्या विद्यार्थ्याने फेसबुकवर लिहिली. बांगलादेश अभियांत्रिकी विद्यापीठात शिकणारा मुलगा. फेनीचं पाणी हा त्या टीकेतला एक मुद्दा होता. ६ ऑक्टोबरच्या रात्री त्याच्याच वसतिगृहात सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या मुलांनी त्याला बदडून मारलं. देशभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे मी सब्रूमला गेलो त्याच हिवाळ्यात, तिथल्या न्यायालयाने या खटल्यात वीस जणांना फाशीची आणि पाच जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. शेख हसीना यांनी त्या वेळी पत्रकारांना जे सांगितलं त्याचा आशय असा होता की, प्यायला पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं. मला हे म्हणणं पटतं. पण तोपर्यंत एक मुलगा मेला होता, आणि हे पटवून घ्यायच्या मनःस्थितीत ढाक्यात कुणी नव्हतं.

मी तो मजकूर भारतीय म्हणून वाचला असता तर मला तो आवडला नसता. तरी मी स्वतःला विचारतो, पलीकडचा तरुण एवढा का चिडला? कारण त्याच्या डोळ्यांपुढे १.८२ नव्हतं. फराक्का होतं. तिस्ता होती, जिचा मसुदा २०११ पासून सहीविना पडून आहे. फेनीच्या खालच्या अंगाला, समुद्राजवळ, बांगलादेशाचा मुहुरी सिंचन प्रकल्प आहे, आणि उन्हाळ्यात नदी आटली की तिथल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. शिवाय भारताकडून काठावर पंप लावून आधीपासूनच पाणी उचललं जातं, असा तिकडे आरोप होता. या सगळ्याचा राग त्या छोट्याशा आकड्यावर निघाला. पिण्याचं पाणी मोठ्या पाण्याच्या भांडणात सापडलं.

माझा मुद्दा हाच आहे. दोन देशांमधलं पिण्याचं पाणी हे नदीच्या बाकीच्या पाण्यापासून वेगळं काढलं पाहिजे. वेगळी वही, वेगळं माप, वेगळी माणसं. सिंचनाचं, विजेचं, बंदराच्या गाळाचं भांडण चालू राहू दे, ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. माणसाच्या घशाचा प्रश्न त्या रांगेत शेवटी उभा करू नये.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून शिकलो आहे.

कॅप्टन होतो तेव्हाची गोष्ट. जम्मू-काश्मीरमधला एक डोंगराळ सेक्टर. आमच्या कंपनीची पोस्ट वर, शेजारच्या कंपनीची खाली, आणि दोघांना मिळून एक झरा. पाऊस संपला होता, बर्फ पडायचं होतं. सप्टेंबर-अखेरीच्या त्या दिवसांत झरा करंगळीएवढा होतो. आम्ही वर असल्यामुळे पाइप टाकून टाकी भरायचो, उरलेलं खाली जायचं. खालच्या कंपनीने तक्रार केली की तुम्ही जास्त घेता. आम्ही म्हणालो, झराच कमी झालाय. त्यांनी आमचा पाइप एकदा कापला. आमच्या पोरांनी त्यांचा. वायरलेसवर काय काय बोललं गेलं ते इथे लिहिता येणार नाही. एकाच पलटणीचे जवान, एकाच युद्धघोषाचे, आणि पाण्यावरून एकमेकांचं तोंड पाहीनात.

तोडगा काढला आमच्या सुभेदार साहेबांनी. त्यांनी वीस लिटरचा एक जेरीकॅन घेतला. दोन्ही कंपन्यांचा एकेक जवान सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला झऱ्यावर जाणार, घड्याळ लावून जेरीकॅन किती मिनिटांत भरतो ते पाहणार, आणि वहीत लिहून दोघे खाली सह्या करणार. बस. आठवडाभरात भांडण संपलं. झऱ्याचं पाणी एका थेंबानेही वाढलं नव्हतं. उलट कमीच झालं. पण आता ते किती कमी झालं हे दोघांना माहीत होतं, आणि ते दोघांनी मिळून मोजलं होतं. पाणी कमी असतं तेव्हा माणूस सोसतो. दुसरा लपवतोय असं वाटलं की सोसत नाही.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. चूक पुढची आहे.

त्याच दिवसांत बकरवालांचा एक काफिला वरच्या कुरणांतून खाली उतरत होता. मेंढ्या, घोडे, बायका, लेकरं. त्यांच्यातला एक म्हातारा पोस्टपाशी आला आणि दोन दिवस झऱ्यावरून पाणी भरू द्या म्हणाला. मी नाही म्हणालो. कारण तयार होतं, सुरक्षेचं. ते कारण खोटं नव्हतं. झरा पोस्टच्या आत होता आणि तपासल्याशिवाय कुणाला आत घेणं शक्य नव्हतं. पण खरं सांगायचं तर, वहीचा हिशेब बिघडू नये हेही माझ्या मनात होतं. इतक्या मेहनतीने दोन कंपन्यांत समझोता झालेला, त्यात तिसरा वाटेकरी कशाला? म्हातारा काही न बोलता निघून गेला. त्यांनी खालच्या ओढ्यावर मुक्काम केला. आमच्या लंगरचं सगळं सांडपाणी त्या ओढ्यात जात होतं.

दुसऱ्या रात्री ते दोन मुलांना पाठीवर घेऊन आमच्याच फाटकावर आले. जुलाब, उलट्या. आमच्या नर्सिंग असिस्टंटने रात्रभर जागून सलाईन लावलं. दोन्ही मुलं वाचली. सकाळी सुभेदार साहेब मला एवढंच म्हणाले, "सर, दहा जेरीकॅन बाहेर नेऊन ठेवले असते तर चाललं असतं." त्यांना झऱ्यावर आत घ्यायची गरजच नव्हती. पाणी फाटकाबाहेर नेता आलं असतं. हे मला सुचलं नाही, कारण मी त्या म्हाताऱ्याच्या मागणीकडे पाण्याची मागणी म्हणून पाहिलंच नव्हतं. मी तिच्याकडे हद्दीचा प्रश्न म्हणून पाहिलं होतं.

सब्रूमच्या टपरीवर तांबूस बादली पाहताना मला तो म्हातारा आठवला. इथेही तेच झालं होतं. पाण्याचा प्रश्न हद्दीचा झाला होता.

कसा ते पाहा. करार झाला २०१९ मध्ये. पाणी उचलायला नदीकाठी विहीर हवी. नदीच सीमा असल्यामुळे विहीर सीमारेषेला लागून येणार. १९७५ च्या सीमा-मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत बांधकाम म्हटलं की दुसऱ्या बाजूचा आक्षेप ठरलेला. ती तत्त्वं मुळात मोर्चे आणि बंकर रोखण्यासाठी केलेली. त्यात पाण्याची विहीरही अडकते. मग संयुक्त पाहणी, मग आराखडा, मग पत्रव्यवहार. संयुक्त नदी आयोगाची मंत्रिस्तरीय बैठक ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, तीही बारा वर्षांनी. तिच्यात विहिरीची जागा आणि आराखडा नक्की झाल्याचं दोन्ही देशांनी समाधानाने नोंदवलं. म्हणजे राजकीय संमती असूनही एका विहिरीची जागा ठरायला जवळजवळ तीन वर्षं. फौजेत आम्ही एवढ्या वेळात पूल बांधतो, मोडतो आणि पुन्हा बांधतो.

भारत आणि बांगलादेश यांच्यामध्ये ५४ सामाईक नद्या आहेत. १९७२ पासून आयोग आहे. आणि पाणीवाटपाची पूर्ण सही झालेली मोठी नदी एकच, गंगा. १२ डिसेंबर १९९६ चा तो करार तीस वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. कुशियारा नदीवर सप्टेंबर २०२२ मध्ये १५३ क्युसेकचा एक छोटा करार झाला, तो गंगेनंतरचा पहिला वाटप-करार म्हणून नावाजला गेला. पंचवीस वर्षांत एक. या वेगाने ५४ नद्यांचा हिशेब लागायला किती शतकं लागतील ते तुम्हीच काढा.

गंगेच्या करारातली एक गोष्ट मात्र मला फौजी म्हणून आवडते. दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मे या काळात दोन्ही देशांची संयुक्त पथकं फराक्का आणि हार्डिंज पूल अशा दोन्ही ठिकाणी प्रवाह मोजतात. दहा-दहा दिवसांचा हिशेब. ७०,००० क्युसेक किंवा त्यापेक्षा कमी असेल तर निम्मं-निम्मं, त्याच्या वर गेलं तर ठरलेली सूत्रं, ५०,००० च्या खाली गेलं तर ताबडतोब बोलणी. हीच ती जेरीकॅनची वही. सरकारं बदलली, सीमेवर गोळ्या चालल्या, भाषणं झाली, तरी ती मोजणी टिकली. पण या करारात पिण्याच्या पाण्याचा वेगळा रकाना नाही. तो मुळात कोलकाता बंदराच्या गाळासाठी बांधलेल्या बंधाऱ्यावरून झालेला करार. प्रत्यक्षात मात्र कोलकात्याचं पिण्याचं पाणी हुगळीतूनच उचललं जातं, आणि पलीकडे खुलना भागात गोड पाणी कमी झालं की समुद्राचं खारं पाणी आत येतं, विहिरी मचूळ होतात. दोन्हीकडे शेवटी प्रश्न हंड्याचाच आहे. नवा करार होईल तेव्हा त्यात हा रकाना असावा, एवढी माझी साधी मागणी आहे.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे. "कर्नल साहेब, हे पूर्वेला ठीक आहे. पश्चिमेचं काय?" माझे कोर्समेट तर नक्कीच विचारणार. पहलगामनंतर, २३ एप्रिल २०२५ ला, भारताने सिंधू जलकरार स्थगित केला. ज्याने साथीदारांना खांदा दिला आहे त्याला शेजाऱ्याच्या तहानेवर प्रवचन ऐकायची इच्छा नसते. मलाही नसते. दहशतवाद पोसणाऱ्या देशाशी करार जशाच्या तसा चालवत राहण्याची सक्ती भारतावर कुणी करू नये, या मताचा मी आहे. विजेचे प्रकल्प, साठवण, वेळापत्रकं या सगळ्यांत आपला हक्क आपण पुरेपूर वापरावा.

पण तिथेही मी पिण्याचं पाणी वेगळंच धरतो, आणि त्याला आधार आहे. १९६० चा तो करार उघडून पाहा. पश्चिमेच्या तीन नद्यांचं पाणी पाकिस्तानला दिलं, पण त्या नद्यांवर भारताला जे वापर करता येतात त्यांत घरगुती वापराला आधी जागा आहे. पूर्वेकडच्या नद्यांच्या बाबतीत पाकिस्तानलाही घरगुती वापराची तशीच मुभा दिली होती. फाळणीच्या जखमा ताज्या असतानाही त्या लोकांना कळत होतं की माणसाच्या तांब्यावर कुलूप लावता येत नाही. आणि करार स्थगित असताना, ऑगस्ट २०२५ मध्ये, तवी नदीला पूर येतोय हे भारताने पाकिस्तानला उच्चायुक्तालयामार्फत कळवलं. करार म्हणून नव्हे, माणुसकी म्हणून. त्यामुळे आपलं काय बिघडलं? मला तर त्या दिवशी अभिमान वाटला. मजबूत देशालाच हे परवडतं.

युद्धाचे कायदेही हेच सांगतात. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये ५४ वं कलम आहे. नागरिकांच्या जगण्याला लागणाऱ्या गोष्टींवर, त्यात पिण्याच्या पाण्याच्या योजना आल्या, हल्ला करू नये असं ते म्हणतं. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, हे मान्य. पण विहिरीत विष टाकणारा सैनिक कुठल्याही काळात सैनिक मानला गेलेला नाही. जे युद्धात करायचं नाही, ते शांततेत फायलीच्या आड बसून का करावं?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. "पिण्याचं पाणी" या नावाखाली पुढे शेतीचं, कारखान्याचं पाणी पळवलं जातं. महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. म्हादईच्या वादात हुबळी-धारवाडची तहान हे कर्नाटकाचं म्हणणं, आणि त्या नावाखाली नदीच वळवली जाईल ही गोव्याची भीती. मी स्वतः खडकवासल्याला तीन वर्षं काढली. पीकॉक बेमध्ये ज्या पाण्यावर आम्ही व्हेलर ओढून हातांना फोड आणले, ते पुण्याचं पिण्याचं पाणी होतं. दौंड-इंदापूरचा शेतकरी दर उन्हाळ्यात विचारतो की पुणेकर पितात किती आणि सांडतात किती. त्याचा प्रश्न रास्त आहे. तेव्हा ढाक्याच्या विद्यार्थ्याचा संशय मी मूर्खपणा म्हणून उडवून लावू शकत नाही. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेच्या माणसावर आपला विश्वास नसतो.

याला उत्तर एकच, मीटर. माणशी किती लिटर हे ठरवा. दोन्ही काठांच्या गावांना तोच नियम लावा, म्हणजे उद्या रामगढला गरज पडली तर त्यांनाही तेवढंच. पंपाच्या तोंडाशी मीटर बसवा, त्याचं वाचन दोन्ही देशांची माणसं मिळून घेतील आणि तो आकडा दोन्ही काठांच्या बाजारात फळ्यावर लिहिला जाईल. बंगालीत लिहा, दोन्हीकडे वाचता येतं. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस रोज १.८२ वाचेल तर तो १.८२ वरच विश्वास ठेवेल, अफवेवर नाही. आणि विहिरीसारख्या कामांना १५० यार्डांच्या अटीतून कायमची सूट द्या. जिल्हाधिकारी, पलीकडचा उपायुक्त, बीएसएफ आणि बीजीबी, एवढ्या चौघांनी एका टेबलावर बसून साठ दिवसांत निर्णय द्यावा. दिल्ली-ढाक्याला फक्त कळवावं.

माहितीची लाइन तुटली की काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. त्रिपुरात आणि फेनी जिल्ह्यात भयानक पूर आला. ढाक्यात सरकार पडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. भारताने गोमती नदीवरच्या डुंबूर धरणाचे दरवाजे मुद्दाम उघडले, असा तिकडे गदारोळ झाला. भारताने खुलासा केला की पूर प्रामुख्याने धरणाच्या खालच्या मोठ्या पाणलोटातल्या पावसाने आला, धरण सीमेपासून १२० किलोमीटरवर आहे, आणि नदीच्या पातळीची माहिती अमरपूरच्या केंद्रावरून बांगलादेशला दिली जात होती. पण त्याच खुलाशात हेही होतं की २१ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजता पुरामुळे वीज गेली आणि संपर्क तुटला. ज्या रात्री माहितीची सर्वांत जास्त गरज, त्याच रात्री लाइन बंद. फौजेत सिग्नलच्या पोराला पहिला धडा असतो तो पर्यायी संपर्काचा. एक लाइन म्हणजे शून्य लाइन. नदीच्या केंद्रावर एक जनरेटर आणि एक सॅटेलाइट फोन, याला कुठल्या शिखर परिषदेची गरज आहे?

शेवटचा मुद्दा माझ्या लंगरच्या सांडपाण्याचा. आपण पाणी मागतो तेव्हा पलीकडे काय पाठवतो तेही पाहिलं पाहिजे. आगरतळ्याचं सांडपाणी घेऊन ओढा सीमेपलीकडे आखौऱ्याकडे जातो, आणि काळ्या, घाण वासाच्या त्या पाण्याबद्दल तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. ज्या हाताने आपण गोड पाणी मागतो त्याच हाताने गटार सोडत असू, तर वहीत तीही नोंद पाहिजे. वाटप म्हणजे फक्त किती घेतलं हे नव्हे. काय परत दिलं हेही.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत फारसा हातभार लावत नाही. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह करारात दहावं कलम आहे. पाण्याच्या वापरांत संघर्ष झाला तर माणसाच्या जगण्याच्या गरजांचा विशेष विचार करावा, असं ते सांगतं. मतदानात बांगलादेश बाजूने होता, भारत आणि पाकिस्तान तटस्थ राहिले, चीन विरोधात गेला. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला चीन बसलाय हे लक्षात घेतलं तर आपण कुठल्या तत्त्वाची सवय लावून घ्यायला हवी, हे उघड आहे. सब्रूमला आपण जे मागतो, तेच उद्या कुणीतरी आपल्यासाठी वरच्या माणसाकडे मागणार आहे.

टपरीवरून निघताना मी दादांना विचारलं, "पलीकडच्यांचा राग येतो का?" त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "राग कशाचा साहेब? त्यांच्याकडेही बोअरला हेच पाणी येतं. माझी आतेबहीण रामगढला दिली आहे. तिची बादलीसुद्धा अशीच लाल."

मी चहाचे पैसे दिले. त्यांनी पेला पुन्हा त्याच बादलीत बुडवला.

बकरवालांची ती दोन मुलं आता पंचविशीत असतील. माझं नाव त्यांना माहीत असायचं कारण नाही. पण दहा जेरीकॅन फाटकाबाहेर ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती, हे मला अजून आठवतं.

जय हिंद.